पाव चक्कर मागे

राजीव रतन चौकातलं रेल्वे फाटक पडलं की अर्धं घुग्घुस अलीकडे आणि अर्धं पलीकडे अडकतं. कोळशाची मालगाडी ती. अठ्ठावन्न डबे, आणि चाल अशी की वरातीतल्या घोड्यानं लाजावं. लोक शिव्या घालतात, मोबाईल काढतात, गाड्या एकमेकींत खुपसून अर्धी वीत पुढे सरकतात. भाऊ मात्र सायकलवरून उतरतात, स्टँड लावतात, डोळे मिटतात आणि बैठकीचं गाणं ऐकायला आल्यासारखा उजवा कान रुळांकडे करतात.

"एकविसावा," गाडी निघून गेल्यावर ते म्हणतात. "मागचा एक्सल. तिकडच्या बाजूचं."

"काय झालं त्याला?"

"बोलून राहिलं न जी."

बेरिंग खराब झालं असं भाऊ कधी म्हणत नाहीत. ते बोलतं, कुरकुरतं, रडतं, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर 'आता ते आयकत नाही'. "एका डब्याचे आठ बेरिंग. अठ्ठावन्न आठे चारशे चौसष्ट. चारशे त्रेसष्ट चूप हायेत, एक बोलून राहिलं, अन् तुमाले आयकू येत नाही? गुरुजी, शाळेत पोट्टे बोलले तर कसे सापडवता?" मी शाळेत एकतीस वर्षं मुलं सापडवली, पण डोळे उघडे ठेवून. भाऊंनी एकदा फाटकवाल्याच्या खोलीत जाऊन हा एकविसाव्या डब्याचा निरोप रीतसर सांगितला होता. फाटकवाल्यानं त्यांना पाणी दिलं आणि बसायला खुर्ची दिली. उन्हाचे दिवस होते. पारा सत्तेचाळीसला पोचला की आमच्याकडे माणसाच्या बोलण्याकडे थोडं सहानुभूतीनंच बघतात.

गावात त्यांना छर्रेभाऊ म्हणतात. सायकलीच्या हबमध्ये ज्या सुट्या पोलादी गोळ्या असतात, त्यांना आमच्याकडे छर्रे म्हणतात. भाऊंच्या बंडीच्या दोन्ही खिशांत ते कायम असतात, त्यामुळे भाऊ येण्याआधी त्यांचा आवाज येतो. चंद्रपूरच्या बसमध्ये त्यांनी कंडक्टरला सुट्या पैशांत दोन छर्रे दिले होते, आणि कंडक्टरनं ते परत करताच "हे दोन सुती हायेत, चुकून आले, मापाचे देतो" म्हणून आणखी दोन काढले होते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पुढच्या चाकाला दीड सुती, मागच्याला दोन सुती. जगातली बाकी मापं, म्हणजे किलो, लिटर, बिघा, तोळा, ही भाऊंच्या लेखी लोकांनी आपापल्या सोयीनं काढलेली आहेत.

हयात गेली वेकोलिच्या वर्कशॉपमध्ये, फिटर म्हणून. वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स, पण ते लांबलचक नाव इथं कोणी उच्चारत नाही. भाऊंचे वडीलही खाणीतच होते. १९७३ मध्ये खाणी सरकारी झाल्या, १९७५ मध्ये कोल इंडिया आणि वेकोलि आली. हा इतिहास भाऊंना तोंडपाठ आहे, पण ग्रीसच्या अंगानं: आधी काळं ग्रीस यायचं, मग पिवळं यायला लागलं, मग टेंडर निघायला लागलं. साठाव्या वर्षी नारळ, शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ देऊन त्यांना निरोप दिला. घड्याळ त्याच रात्री उघडलं. त्यात एकही छर्रा निघाला नाही, तेव्हापासून ते बंद आहे.

निवृत्तीनंतर त्यांनी घरासमोर टिनाचा एक मांडव टाकला आणि खाली सायकली घ्यायला सुरुवात केली. 'दुरुस्तीला' असं मी म्हणत नाही, कारण दुरुस्ती हा त्यातला शेवटचा भाग, आणि तो भाग बघायला गिऱ्हाईक सहसा उरत नाही.

माझीच गोष्ट सांगतो. सायकलीचं पुढचं चाक हलत होतं. रस्त्यावरच्या कोणत्याही दुकानात वीस रुपये आणि दहा मिनिटांचं काम. भाऊंनी चाक काढलं, छर्ऱ्यांवर आवळलेला कोन सोडला, छर्रे परातीत पाडले. दहा अधिक दहा. मग बोटाच्या पेरावर हबमधलं जुनं ग्रीस घेतलं, उजेडात धरलं, वास घेतला.

"गुरुजी, तुमी शाळेत जाता का नकोड्याले?"

मी चपापलो. निवृत्तीनंतर दोन महिने नकोड्याकडच्या एका मुलाला शिकवायला जात होतो. घरीही फारसं बोललो नव्हतो, कारण फी घेत नव्हतो.

"राखट हाये न," भाऊ बोट पुढे करून म्हणाले. "सिमिट."

त्यांचं हे शास्त्र गावात प्रसिद्ध आहे. ग्रीस काळं कुळकुळीत असेल तर माणूस खाणीकडचा. राखट असेल तर एसीसीच्या सिमेंट कारखान्याच्या बाजूचा. आणि अलीकडे गडचिरोलीतल्या सुरजागडचं लोहखनिज ट्रकांनी इथल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात यायला लागल्यापासून लालसर ग्रीसही निघतं. तिन्ही रंग एकाच हबमध्ये निघाले तर तो पोस्टमन. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या अति प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची गुणवत्ता यादी काढावी तशी यादी काढली होती. चंद्रपूर त्यात ८३.८८ गुण मिळवून चौथं आलं. मी ते भाऊंना वाचून दाखवलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पयल्या नंबरवाल्याच्या हबमंदी काय निंगत असन हो?"

तर माझं चाक. वीसांपैकी तीन छर्ऱ्यांना चेचकीसारखे बारीक खड्डे होते. मी म्हणालो, तीन नवे टाका. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की वर्गात मी आजवर ज्यांच्याकडे तसं पाहिलं त्या सगळ्या मुलांची मला मनातल्या मनात माफी मागावीशी वाटली. जुने सतरा वर्षानुवर्षं झिजून केसभर बारीक झालेले. त्यांत तीन नवे, भरल्या अंगाचे टाकले, तर सगळा भार त्या तिघांवर. "खटल्याच्या घरात तीन नव्या सुना आल्यावानी," भाऊ म्हणाले. आतून वहिनींचा आवाज आला, "तिथं एकच आली होती. तिच्यावरच पडला." टाकायचे तर वीसच्या वीस नवे. तेही एका डब्यातले. ते वणीला मिळतात. वणीचा बाजार रविवारी. त्या दिवशी मंगळवार होता.

अकराव्या दिवशी सायकल मिळाली. पैसे किती विचारले तर म्हणाले, "चाक उचलून पाहा." मी पुढचं चाक अधांतरी धरलं. भाऊंनी हात लावला नाही, नुसती फुंकर मारली असं मी शपथेवर सांगणार नाही, पण फार तर बोट टेकवलं असेल. चाक हललं, हळू फिरलं, परतलं, पुन्हा थोडं गेलं, पुन्हा परतलं. पाळणा झुलून थांबावा तसं ते थांबलं तेव्हा हवा भरायचा वॉल बरोबर खाली होता. रिमच्या अख्ख्या वर्तुळात वॉलच्या पितळेचं जे चिमूटभर वजन जास्त असतं, तेवढ्यानं चाक वळलं पाहिजे, ही भाऊंची परीक्षा. ज्या चाकाचा वॉल खाली येत नाही ते चाक नापास. मी त्या दिवशी गावभर सायकल उचलून लोकांना वॉल खाली येताना दाखवत हिंडलो. माझ्या बायकोनं पंधरा वेळा पाहिला.

कोन घट्ट करण्याची भाऊंची रीत मी पुष्कळदा जवळून पाहिली आहे. हाताचा अंगठा आणि दोन बोटं एवढ्यांनीच कोन आवळत नेतात, छर्ऱ्यांना टेकेपर्यंत. मग पातळ पान्यानं आणखी किंचित. चाक जड फिरायला लागलं की थांबतात. आणि मग पाव चक्कर मागे. या पाव चकरेपाशी त्यांचा चेहरा बदलतो. अर्धी मागे गेली तर चाक लचकतं, मागे नाहीच गेली तर छर्रे चिरडतात. त्या पाव चकरेत जी हालचाल उरते, ती बोटाला जाणवावी पण डोळ्याला दिसू नये. तिला ते 'प्ले' म्हणतात. त्यांचा शब्दकोश या शब्दापाशी सुरू होतो आणि तिथंच संपतो. गावातला एक पुढारी? "लयच प्ले हाये त्याच्यात." नवा मुख्याध्यापक? "जाम टाईट. पाव चक्कर सोडा त्याले." मुलीसाठी स्थळ बघायला गेले, पोहे खाल्ले, मुलाशी तासभर बोलले आणि परत येताना म्हणाले, "वॉल खाली येते." लग्न झालं.

'प्ले' ह्या शब्दाला मी पूर्वी हसायचो. पण ज्या गावाच्या पोटात जुन्या भूमिगत खाणी आहेत, आणि जिथं २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमराई वॉर्डातलं अख्खं घर बघता बघता जमिनीत गेलं, तिथं 'प्ले किती हाये' हे विचारणारा एक माणूस असलेला बरा, असं आता वाटतं.

दुसरी रीत छर्रे भरण्याची. कपात ग्रीस भरायचं, त्यात एकेक छर्रा चिमट्यानं बसवत जायचं. वर्तुळ भरत आलं की शेवटी थोडी जागा उरते. तिथं आणखी एक दाबून बसवावा असा मोह होतो, आणि कधी कधी तो बसतोही. बसू द्यायचा नाही. भाऊंनी ही रीत पंगतीलाही लावली. धाकट्याच्या मुंजीत प्रत्येक ओळीत एक पाट रिकामा ठेवायला लावला, वाढप्याला फिरायला जागा पाहिजे म्हणून. आचारी म्हणाला, सत्तर पानांचा स्वयंपाक आहे आणि सहासष्टच बसली. उरलेले चौघे कोण यावरून भावकीत जे सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

भाऊंचा जन्माचा वैरी म्हणजे बंद बेरिंग. दोन्ही बाजूंनी झाकण घातलेलं, कारखान्यातच ग्रीस भरून आलेलं. वापरा, वाजायला लागलं की फेका. वर्कशॉपमध्ये त्यांनी अशी हजारो बसवली. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याखाली जे रोलर असतात, त्यांत हीच. बेरिंगवरचा नंबर ते आधार कार्डासारखा वाचतात: ६२०५ असेल तर शेवटच्या पाचाला पाचानं गुणा, पंचवीस मिलिमीटरचं भोक. ६२०४ असेल तर वीस. "पन ६२०३ चं पंधरा नाही येत, सतरा येते. तिथं हिशेब चुकवला त्यायनं," असं ते नेहमी म्हणतात, आणि ते खरं आहे. 'त्यायनं' म्हणजे कोणी, ते कळत नाही. भंगारात निघालेली ही बेरिंगं आमच्या पोरांच्या हाती लागायची. फळीला पुढे एक, मागे दोन ठोकली की बेरिंगची गाडी तयार. एकानं बसायचं, दुसऱ्यानं ढकलायचं. डांबरी रस्त्यावरून ती गेली की तो पोलादी घरघराट दोन वॉर्डांत ऐकू यायचा आणि दुपारी झोपलेले रात्रपाळीचे कामगार काठी घेऊन बाहेर यायचे. भाऊंनी अशा कैक गाड्या अडवल्या. काठीनं नव्हे. पोरांना खाली उतरवून, बेरिंगचं झाकण टोच्यानं उचकटून, आतली धूळ डिझेलनं धुऊन दिली. गाडी परत मिळेपर्यंत पोराची दहावी जवळ यायची.

२०१७ मध्ये ते बोटावर फिरवायचं स्पिनर नावाचं खूळ आलं, तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या हातात बेरिंग होतं. मधलं बहुतेक ६०८. आठ मिलिमीटरचं भोक, बावीसचा बाहेरचा व्यास, सात जाडी. भाऊंचे ते सोन्याचे दिवस. मांडवात पंचवीस-तीस पोरं बसलेली, प्रत्येकाचं स्पिनर उघडलेलं. पुढे खूळ ओसरलं. अकरा स्पिनर अजून न्यायला आलेले नाहीत. त्यांच्या मालकांपैकी एक आता पोलिसात आहे.

मी शिकलेला माणूस, म्हणून भाऊंवर छाप पाडावी असं मला अधूनमधून वाटतं. एकदा त्यांना सांगितलं, की सायकलीत छर्रे घालण्याचं पेटंट पॅरिसच्या जूल सुरिरे नावाच्या मेकॅनिकनं १८६९ मध्ये घेतलं, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रुआँ ही १२३ किलोमीटरची शर्यत जेम्स मूर नावाच्या इंग्रजानं छर्रेवाल्या सायकलीवर जिंकली, पावणेअकरा तासांच्या आसपास. भाऊ ऐकत राहिले. हातातला कोन खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असं मला वाटलं, पण ते डिझेलही असेल.

"इकून किती होते?"

"काय किती?"

"छर्रे. एका बाजूनं."

मला माहीत नव्हतं. भाऊंनी कोन परत उचलला. "मंग काय वाचलं तुमी," ते अगदी मायेनं म्हणाले.

तर अशा माणसासमोर गेल्या पोळ्याला माझा भाचा स्केटबोर्ड घेऊन उभा राहिला.

माझा मेहुणा कॅलिफोर्नियात असतो. तिथं त्यानं जुनं घर घेतलं, त्या घराच्या गॅरेजच्या माळ्यावर आधीच्या मालकाच्या पोराचा असणारा स्केटबोर्ड निघाला. लाकडी फळी, खाली चार पिवळट चाकं. भाचा अकरा वर्षांचा. तान्हा पोळा बघायला शाळा बुडवून आला होता आणि ती फळीही बरोबर घेऊन आला होता, कारण मेहुण्यानं फोनवर भाऊंच्या गोष्टी ऐकल्या होत्या. बोर्ड जमिनीवर ठेवून पाय टाकला की चाकं करकरत होती आणि दर दोन हातांवर एक गंजका छर्रा बाहेर पडत होता. नवी चाकं मिळतात, त्यांत ६०८ चं बंद बेरिंग दाबून बसवलं की झालं, असं भाच्यानं भाऊंना सांगितलं. मी डोळे मिटून घेतले.

भाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी बोर्ड उलटा मांडीवर घेतला आणि एक चाक बोटानं फिरवलं. मग नखानं चाकाचं अंग दाबून पाहिलं.

"हे रबर नाही."

"युरेथेन आहे, आजोबा."

"सीएचपीतल्या पट्ट्याचा कोळसा खरडते न, त्या स्क्रॅपरचं पातं याचंच रायते," भाऊ म्हणाले. कॅलिफोर्नियाची फळी आणि घुग्घुसचं कोळसा हाताळणी यंत्र यांची ती पहिलीच भेट असावी.

या फळीचा इतिहास मेहुण्यानं मला फोनवर सांगितला होता, तो मी भाऊंना ऐकवला. सर्फिंग करणाऱ्यांनी समुद्रावर लाट नसली की रस्त्यावर घसरायला ही फळी काढली. आधी चाकं पोलादाची, मग चिकणमातीच्या मिश्रणाची. बारका खडा मध्ये आला की चाक जागीच थबकायचं आणि पोरगं पुढे जायचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी नावाच्या तरुणानं युरेथेनची चाकं बाजारात आणली, आणि खड्यावरून फळी तरंगत जायला लागली. आत मात्र अजून कोन, कप आणि सुटे छर्रेच. नट ढिला झाला की छर्रे रस्त्याभर. १९७५ मध्ये रोड रायडर नावाचं बंद बेरिंगवालं चाक आलं आणि सुट्या छर्ऱ्यांचा कारभार आटोपला.

"म्हंजे युरेथेन अन् छर्रे, ह्या दोघायचा संसार दोन-तीन वर्षांचाच?" भाऊंनी विचारलं.

"तेवढाच म्हणा."

"अन् आपला मेला बंद बेरिंगनं." त्यांनी बोर्ड आत नेला. वहिनींनी दारातूनच माझ्याकडे पाहून मान हलवली. शेजारी ताप बघायला डॉक्टर आला की हलवतात तशी.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर भाचा आधीच तिथं, हात कोपरापर्यंत काळे. समोर परात, परातीत पांढऱ्या धोतराचा तुकडा. भाऊंनी चाकातली जुनी घाण काडीनं कोरून बोटावर घेतली होती. वास घेतला. दोन बोटांत चोळली.

"कोळसा नाही. सिमिट नाही. लालही नाही." पुन्हा चोळली. "वाळू हाये. बारीक. खारवट." मग भाच्याकडे वळून, "समुद्र जवळ होता का रे बाबू त्या पोट्ट्याचा?"

भाच्याचं तोंड उघडंच राहिलं. घर बीचपासून दहा मिनिटांवर आहे. ती चिमूटभर वाळू भाऊंनी कागदात बांधून ठेवली. अजून आहे. वर पेन्सिलनं लिहिलंय, 'अमेरिका, पुढचं डावं'.

एका बाजूला आठ छर्रे, असं सात ठिकाणी निघालं. आठव्या ठिकाणी सात. वाटेत पडलेले मोजून, घरात झाडू मारून, गादी झटकून त्रेसष्टच भरले. चौसष्टावा पन्नास वर्षांपूर्वीच कुठंतरी रस्त्यावर उतरून गेला असेल, असं मी सुचवलं. भाऊंना ते पटलं नाही. सायंकाळपर्यंत दोघं टॉर्च घेऊन माझ्या अंगणात ओणवे होते. शेवटी सगळेच नवे घालायचं ठरलं आणि भाऊंनी डबे काढले. बिस्किटांचे, श्रीखंडाचे, एक एकेकाळी पेढ्यांचा असलेला. त्यातल्या एकात त्या मापाचे छर्रे होते. नेमके चौसष्ट निवडायला अडीच तास गेले, कारण प्रत्येक छर्रा आरशाच्या काचेवर सोडून तो सरळ जातो की वळतो हे पाहायचं होतं. कपांवरचे गंजाचे ओरखडे ग्राइंडिंग पेस्ट लावून लाकडी काडीनं घासले. डिझेलनं धुतलं. पूर्वी रॉकेल वापरायचे. रेशनचं रॉकेल गेलं ही भाऊंच्या आयुष्यातली मोठी राजकीय घटना.

छर्रे भरायचं काम भाच्याकडे. चिमट्यानं एकेक, जीभ बाहेर काढून. आठ बसले, थोडी फट उरली. त्यानं नववा उचलून फटीत दाबला.

"आजोबा, बसतोय की!"

"बसते न. फिरवून पाय."

फिरेना. भाच्यानं नववा काढला. चाक फिरलं. अकरा वर्षांच्या पोराला एवढा आनंद मोबाईल बघून झालेला मी कधी पाहिला नव्हता. मग कोन, मग नट, मग पाव चक्कर मागे. हे चार चाकांचं, आठ बाजूंचं काम. तान्हा पोळा सकाळवर आला तेव्हा सात बाजू झाल्या होत्या. आठवी रात्री बाराला, टॉर्चच्या उजेडात झाली.

तान्हा पोळा म्हणजे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा पोळा. खऱ्या बैलाऐवजी लाकडी नंदी, खाली चार लाकडी चाकं, गळ्यात दोरी. सजवायचा, तोरणाखाली रांगेत उभा करायचा, मग दारोदार नेऊन बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, मागायचा. माझ्या घरी वडिलांच्या हातचा नंदी आहे. त्याची चाकं खिळ्यांवर फिरतात, म्हणजे फिरत नाहीत. भाच्यानं नंदी स्केटबोर्डवर चढवला, सुतळीनं बांधला, झूल फळीखालपर्यंत सोडली. चाकं कोणाला दिसेनात.

वॉर्डातल्या देवळासमोर नवा सिमेंट रस्ता झालाय. देवळापाशी उंच, नालीकडे उतरता. तीस-पस्तीस नंदी रांगेत उभे. पाहुणे बोलत होते. पाहुण्यांचं भाषण, गणपतीच्या वर्गणीपासून शेतकऱ्यांच्या कैवारापर्यंत, रीतीप्रमाणे चाललं होतं. भाच्यानं आईसाठी फोटो काढायला दोरी सोडली.

नंदी निघाला.

बाकी नंदी ओढले की कुईं कुईं करतात. हा काहीच बोलला नाही. रांगेसमोरून, मान ताठ, झूल सळसळत, पाहुण्यांच्या माईकखालून गेला. पाहुणे 'बळीराजा' म्हणता म्हणता थांबले. बायकांनी आधी पदर सावरले, मग हात जोडले. "अवो माय, नंदी आपल्यानं चालून राहिला!" एका आजीनं त्याच्यावर कुंकू टाकलं. बोजाऱ्याच्या टेबलावरून कोणीतरी दहाची नोट टाकली. दोन-तीन पोरं धरायला धावली, आणि त्यांच्याही पुढे भाऊ. पासष्टी ओलांडलेले, खिसे खळखळत, कमरेत वाकून, एक कान नंदीच्या पोटाखाली लावून नंदीबरोबर पळत होते.

"पकडा जी त्याले!" मागून ओरडा झाला.

"कोनी हात लावू नका!" भाऊ ओरडले. "आपल्यानं थांबू द्या!"

उतार संपला. नंदी सपाटीवरही गेला. पानठेल्यासमोरून गेला. मग हळू, आणखी हळू, आणि दवाखान्याच्या पाटीखाली थांबला. भाऊ मागे वळून पावलं मोजत देवळापर्यंत गेले आणि तसेच मोजत परत आले. तोवर सगळा पोळा तिथं जमला होता. पाहुणे पहिलं बक्षीस घेऊन स्वतः चालत आले. स्टीलची टिफिन होती. भाच्यानं हात पुढे केले.

भाऊंनी नंदी उचलला आणि सगळ्यांदेखत उलटा केला. कुंकू, तांदूळ, दहाची नोट खाली पडली. आजीनं तोंडावर हात ठेवला. भाऊंनी पहिलं चाक फिरवलं, ते फिरत राहिलं. दुसरं फिरत राहिलं. तिसरं. चौथं थोडं आधी थांबलं. ते पुन्हा फिरवलं, कान लावला. पाहुणे टिफिन धरून उभेच.

"हे रात्रीचं," भाऊ म्हणाले. "पाव चक्कर कमी सुटलं." आणि बंडीच्या खिशात हात घालून, छर्ऱ्यांमधून चाचपत, त्यांनी पातळ पाना काढला.

गर्दीतून वहिनी पुढे आल्या. त्यांनी पाहुण्यांच्या हातातली टिफिन घेतली, भाच्याच्या हातात दिली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बाबू," त्या म्हणाल्या, "तुह्या विमानाची तारीख कोनती हाये?"